ट्रेलरला स्वतःचा नंबर असतो, तो वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कळंबोली, तळोजा, द्रोणागिरी आणि जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला घोडा, म्हणजे ओढणारी इंजिनची पुढची गाडी, सोडून एकटे उभे केलेले ट्रेलर रोज दिसतात. घोडा दुसऱ्या फेरीला निघून जातो आणि ट्रेलर लँडिंग लेगवर, म्हणजे पुढच्या टेकूच्या पायांवर, टेकून राहतो, कधी एक रात्र, तर धंदा मंदा असला की महिनाभर. या गाडीला इंजिन नाही, केबिन नाही आणि चावीही नाही. फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्यावरची जोडणीची तबकडी, जुळणारा कुठलाही घोडा मागे घेतला, किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची जाड खुंटी, तबकडीच्या जबड्यात अडकली, हवेचे पाइप आणि लाइटची केबल जोडली, हँडल फिरवून पाय वर घेतले की ट्रेलर निघाला. सराईत ड्रायव्हरला यासाठी दहा मिनिटेही लागत नाहीत. बघणाऱ्यालाही संशय येत नाही, कारण या रस्त्यांवर दिवसरात्र हेच काम चाललेले असते.

असा ट्रेलर चोरीला गेल्यावर सापडत का नाही, याचे कारण फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 प्रमाणे ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र होते आणि त्याचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर लिहायचा असतो. पाठीमागे मात्र ओढणाऱ्या घोड्याचा नंबर लावायचा, असे तेच कलम सांगते. म्हणजे चोराने आपल्या घोड्याचा नंबर मागे टांगला की मागून पाहणाऱ्याला गाडी पूर्णपणे कायदेशीर दिसते. फास्टॅग घोड्याच्या काचेवर, टोलनाक्यावर पैसे कापले जातात ते घोड्याच्या खात्यातून, आणि कॅमेरा पुढून वा मागून जे वाचतो तोही घोड्याचाच नंबर. चोरीचा ट्रेलर कळंबोलीहून निघून चार टोलनाके पार करून परराज्यात गेला, तरी एकाही यंत्रणेत त्याची नोंद होत नाही. त्याची एकमेव ओळख बाजूच्या पट्टीवर असते आणि ती बहुतेक ट्रेलरवर चिखल, गंज आणि रंगाच्या थरांखाली गेलेली असते.

त्यामुळे पहिला खर्च रंगाचा करावा. ट्रेलरचा नंबर दोन्ही बाजूंच्या लांब बीमवर, हातभर उंचीची नसली तरी पंधरा-वीस पावलांवरून वाचता येतील अशा अक्षरांत लिहून घ्या. तोच नंबर पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, आणि मागच्या बंपरच्या आतल्या अंगाला वेल्डिंगच्या मण्यांनी उठवून घ्या. रंग खरवडता येतो. वेल्डिंग घासले तरी ग्राइंडरचा चकचकीत पट्टा मागे उरतो आणि जाणकार माणूस तिथेच थांबून चौकशी करतो. लांब बीमच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर मात्र वेल्डिंग करू नका. सगळा भार तिथे येतो आणि त्या टाक्यापासून तडा सुरू होतो. चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा वायर ब्रशने साफ करून पेन्सिलची छाप कागदावर घ्या, आरटीओत पासिंगच्या वेळी घेतात तशी. ही छाप, चारही बाजूंचे फोटो आणि प्रत्येक टायरचा सीरियल नंबर एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइल गाडीत नव्हे, ऑफिसात ठेवा.

मग किंगपिनचे कुलूप. आपल्याकडचे बहुतेक ट्रेलर 2 इंची, म्हणजे 50 मिलिमीटरच्या पिनचे आहेत. अवजड मालाच्या लो बेडला, म्हणजे बुटक्या ट्रेलरला, साडेतीन इंची, 90 मिलिमीटरची पिन असते. कुलूप घेण्याआधी पिन मोजा. पिनभोवती वाटीसारखे बसून ती पूर्ण झाकणारे कुलूप घ्यावे. नुसती साखळी गुंडाळून लावलेले साधे कुलूप बोल्ट कटरने एका दाबात तुटते. वाटी पिनवर सैल फिरणारी असेल तर आणखी चांगले, कारण घट्ट बसलेल्या लोखंडावर ग्राइंडर सरळ चालतो आणि फिरणाऱ्यावर घसरतो. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे काहीच कायमचे टिकत नाही हेही खरे. कुलूप चोराकडून वेळ आणि आवाज वसूल करते. ट्रेलरखाली वाकून पाच-दहा मिनिटे ठिणग्या उडवायच्या म्हटल्यावर तो बहुधा शेजारच्या बिनकुलपी ट्रेलरकडे वळतो.

ही कुलपे फुकट जातात ती तीन कारणांनी. पहिले, पिनवरचे जुने ग्रीस न पुसता कुलूप चढवले जाते. ग्रीस आणि धूळ मिळून कुलपाच्या सिलिंडरमध्ये लगदा होतो आणि पावसाळ्यात चावी फिरेनाशी होते. न्हावा-शेवाच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. पिन आणि वाटी पुसून घ्या, चावीचे भोक खाली येईल असे बसवा, त्यावर रबरी टोपी ठेवा आणि आत तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घाला. दुसरे, आपलाच ड्रायव्हर कुलूप न काढता घोडा मागे घेतो आणि फिफ्थ व्हीलचा जबडा वाकतो. यावर उपाय म्हणून कुलपाला लाल कापड किंवा पट्टी बांधा आणि ती हवेच्या पाइपांच्या स्टँडपर्यंत वर आणा, म्हणजे पाइप जोडायला गेलेल्याच्या ती समोर येईल. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण चावी. दहा ट्रेलरना एकच चावी, तिच्या चार नकला, आणि सोडून गेलेल्या ड्रायव्हरकडून ती परत न घेणे. माहिती आणि चावी आतूनच बाहेर जाण्याची भीती या धंद्यात मोठी आहे. प्रत्येक कुलपाला वेगळी चावी, चावीवर गाडीचा नंबर न लिहिता आपला खुणेचा आकडा आणि घेतल्या-दिल्याची सही, एवढी शिस्त कुलपाइतकीच महत्त्वाची आहे.

हवेच्या ब्रेकबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो: ‘पाइप काढले की ब्रेक लागतात, ट्रेलर हलतच नाही.’ ब्रेक लागतात हे बरोबर, पण चोराने स्वतःच्या घोड्याचा लाल, म्हणजे हवा पुरवणारा, पाइप जोडून हवा भरली की ते सुटतात. ज्या जुन्या ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली तरी स्प्रिंगच्या जोरावर लागून राहणारे ब्रेक, नाहीत, त्यांच्या टाकीतली हवा हळूहळू झिरपून जाते आणि ब्रेक आपोआप सैल पडतात. तिथे चोराचेच नव्हे, उतारावर ट्रेलर घरंगळण्याचेही भय आहे, म्हणून लाकडी ओंडके चाकांना दोन्ही बाजूंनी लावा. लाल पाइपच्या कपलिंगवर बसणारे छोटे कुलूप मिळते, ते किंगपिनच्या कुलपाला जोड म्हणून उत्तम. एकट्यावर मात्र विसंबू नका. लँडिंग लेगचे हँडल काढून नेणेही उपयोगी आहे, पण चोर स्वतःचे हँडल आणू शकतो, त्यामुळे हँडलच्या दांड्यालाच कुलूप लागेल असे भोक पाडून घ्यावे.

उभे करण्याच्या पद्धतीला एक पैसाही लागत नाही. यार्डात ट्रेलरचे तोंड भिंतीकडे करा, पिन भिंतीपासून घोडा घुसणार नाही इतकी जवळ. रांग लावायची असेल तर तोंडाशी शेवटचा ट्रेलर आडवा घाला आणि सर्वांत भक्कम कुलूप त्याला लावा. भरलेले कंटेनर असतील तर दोन ट्रेलरची दारे एकमेकांना भिडवा. दाराचे बोल्ट सील म्हणजे कुलूप नव्हे. सील तसेच ठेवून दाराच्या हँडलचे रिव्हेट काढून माल काढण्याची आणि रिव्हेट परत बसवण्याची युक्ती जगभरच्या बंदरांत माहीत आहे. माल उतरवून घेताना सीलच्या नंबराइतकेच हँडलचे रिव्हेटही पाहा. एक रिव्हेट इतरांपेक्षा नवा, किंवा त्याच्याभोवतीचा रंग ताजा दिसला की सील तोडण्याआधी फोटो काढा.

टायरचोरी याहून कितीतरी जास्त होते. चाळीस फुटी, तीन ॲक्सलच्या ट्रेलरला बारा टायर, आणि नवा रेडियल वीस हजारांच्या पुढे. चोर जॅक लावून ॲक्सलखाली दगड रचतो आणि बाहेरच्या बाजूचे जोड काढतो. प्रत्येक चाकाला एक वेगळ्या चावीचा लॉक नट बसवा, पण त्याची चावी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवलीत तर तो बसवून न बसवल्यासारखाच. स्टेपनीच्या पिंजऱ्यातून जाड साखळी ओवा आणि ती ताणून बांधा. सैल साखळी जमिनीवर लोळत असेल तर कटरचे एक टोक जमिनीवर टेकवून पूर्ण अंगाचा जोर लावता येतो, हवेत ताणलेल्या साखळीला तसा जोर मिळत नाही. साधी लोखंडी साखळी नको, कडक पोलादाची, निदान 10 मिलिमीटर जाड कडीची हवी.

जीपीएसबद्दल विक्रेते जे सांगत नाहीत ते असे की ट्रेलरला स्वतःची बॅटरी नसते. घोड्याच्या केबलवर चालणारे यंत्र घोडा सुटला की बंद पडते, म्हणजे नेमके धोक्याच्या वेळी. ट्रेलरसाठी स्वतःच्या बॅटरीवर महिनोन्महिने चालणारे, एरवी दिवसातून एकदा ठिकाण कळवणारे आणि हलल्याबरोबर जागे होणारे यंत्र घ्या. चारही बाजूंनी लोखंडाने बंद झालेल्या पेटीत ते लपवले तर सिग्नलच मिळत नाही. मागच्या लाइटच्या प्लास्टिकच्या खोक्यात किंवा क्रॉस मेंबरच्या उघड्या खाचेत बसवा. आणि त्यातल्या सिमचा रिचार्ज कोण करणार हे ठरवून ठेवा. यंत्र आहे, बॅटरी आहे, पण सिम बंद, ही सर्वांत जास्त आढळणारी बिघाडाची तऱ्हा आहे. फोनवर शोधण्याचे छोटे ब्लूटूथ टॅग पूरक म्हणून ठीक. ते जवळून जाणाऱ्या फोनवर अवलंबून असतात आणि अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते.

लहान ट्रेलरवाल्यांसाठीही दोन शब्द. उलवे, खारघर, घोडबंदर रोड इथल्या बांधकामांवरचे जनरेटर आणि कॉम्प्रेसर, फूड ट्रेलर, बोटीचे ट्रेलर यांना तर साधी जीप ओढून नेते. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ओढून न्यायच्या कॅराव्हॅनचीही चौकशी होऊ लागली आहे. यांच्या कपलरला, म्हणजे पुढच्या जोडणीच्या वाटीला, 50 मिलिमीटरचा गोळा बसतो. कुलूप असे हवे की गोळ्याची पोकळीही भरली जाईल, नाहीतर चोर कपलर नुसता गोळ्यावर टेकवून साखळीने बांधतो आणि ओढतो. गोल कडीच्या हिचला कडीतून आरपार जाणारे जाड कुलूप लावा. व्हील क्लॅम्प घेताना तो चाकाचे नट झाकतो ना ते पाहा, नाहीतर क्लॅम्पसकट चाक काढून दुसरे चढवले जाते. पुढचे छोटे जॉकी व्हील काढून घरात ठेवा. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या कॅराव्हॅनची चाके काढून ती स्टँडवर ठेवणे सर्वांत चांगले. त्याने टायरही एका जागी बसत नाहीत.

विम्याचे कागद आज काढून वाचा. ट्रेलरची किंमत पॉलिसीत वेगळी लिहिलेली नसेल तर घोड्याच्या विम्यात तो आला असे समजू नका. व्यावसायिक गाड्यांच्या पॉलिसीत टायर, ट्यूब, लाइट, मडगार्ड सहसा वगळलेले असतात, जास्तीचा हप्ता भरून ‘आयएमटी 23’ हे कलम घेतले असेल तरच ते धरले जातात. चोरी झाली तर आधी 112, मग लगेच पोलीस ठाणे. हद्द नवी मुंबईची, ठाण्याची की रायगडची, या वादात रात्र घालवू नका: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, आणि ऑनलाइन तक्रार दिल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तक्रारीत ‘चाळीस फुटी ट्रेलर’ एवढेच न लिहिता बाजूचा नंबर, चेसिस नंबर आणि वेल्डिंगच्या खुणा लिहा. विमा कंपनीला आणि आरटीओला त्याच दिवशी लेखी कळवा, म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज आला तरी तो अडेल. गुन्हा ताबडतोब नोंदवलेला आणि दावा खरा असेल तर कंपनीला कळवण्यात उशीर झाला एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. तपास लागला नाही तर पोलिसांची ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, मंजूर होऊन हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो, कारण दावा तिथेच अडतो.

आता यंत्रणांकडे मागण्या. आरटीओने फिटनेसच्या वेळी ट्रेलरच्या बाजूचा नंबर दुरून वाचता येत नसेल तर गाडी परत पाठवावी. पळस्पे फाटा, गव्हाण फाटा, मुंब्रा बायपास इथल्या नाकाबंदीत पोलिसांनी घोड्याच्या कागदांबरोबर ट्रेलरचे आरसी पुस्तकही मागावे आणि बाजूचा नंबर त्याच्याशी ताडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे. टोलनाक्यांवरच्या कॅमेऱ्यांपैकी एक तरी ट्रेलरची बाजू वाचणारा हवा. आणि सिडकोने कळंबोली-उरण पट्ट्यात घोडा सोडून नुसता ट्रेलर ठेवता येईल अशी भाड्याची, उजेडाची आणि कुंपणाची जागा द्यावी. रस्त्यावर उभ्या ट्रेलरला दंड करून तो प्रश्न सुटणार नाही, कारण बंदराचा माल वाढतो आहे आणि ट्रेलर कुठेतरी उभा राहणारच.

आपले,
ट्रेलर वाहतूक आणि दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
कळंबोली, नवी मुंबई