आधी कोनसेट, रंग शेवटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून माळावर आणि खडकाळ वाटांवर चालवण्याच्या छंदावर आपल्या पुरवणीत लेख आला, याचा आनंद झाला. या छंदासाठी नाशिकसारखे गाव शोधून सापडणार नाही. लेथ, बोअरिंग, हार्ड क्रोम, पावडर कोटिंग ही सगळी कामे सातपूर-अंबडमध्ये होतात. शहर मागे पडले की मुरूम, काळी माती, बेसाल्टची खडी आणि त्र्यंबककडचा लाल चिखल एकाच सकाळी भेटतात. पण लेखात दुरुस्तीचा जो क्रम दिला आहे (रंग, रुंद गोट्यांचे टायर, सायलेन्सरची जाळी काढणे आणि जमल्यास इंजिन), तो पुरता उलटा आहे. लेखातले दोन सल्ले तर इंजिन मारणारे आहेत. एखादा तरुण ते वाचून यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० खोलायला बसण्याआधी हे पत्र छापून यावे, ही विनंती.

कागदांपासून सुरुवात करावी. चेसिसच्या मानेवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर एकच आहे का, हे मालकासमोर पाहावे. नंबरभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परतावे. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी दुचाकीची परिवहन कार्यालयात तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच करावे लागते. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळते. आपल्याकडे १९८५ साली आलेली आरएक्स १०० अजून त्यात बसत नाही. मडगार्ड, दिवे, सायलेन्सर उतरवलेली गाडी रस्त्यावर आणणे हा मूळ रचनेत केलेला बदल ठरतो आणि मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ मैदानासाठी बनवलेली गाडी छोटा हत्तीत घालूनच न्यावी.

आता चेसिस. टाकी उतरवून मानेखालचे वेल्डिंग, फूटरेस्टचा पाया आणि चिमट्याचा (मागचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याचा) पिव्होट वायर ब्रशने चकाचक करावा. तडा रंगाखाली लपतो, म्हणून तर रंग शेवटी. दोन्ही चाकांना लागून लांब सुतळी ताणली की मागचे-पुढचे चाक एका रेषेत आहे की नाही ते पाच मिनिटांत कळते. मग पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. बरोबर मधोमध ते खटकन अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरते त्या मानेतल्या बेअरिंगच्या) वाट्यांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडले आहेत. नुसते ग्रीस भरून ते जात नाहीत, वाट्या आणि गोळ्या दोन्ही बदलाव्या लागतात. काढताना वरच्या-खालच्या गोळ्या मोजून वेगवेगळ्या ठेवाव्यात. नट इतकाच आवळावा की फोर्क पुढे-मागे हलवल्यावर ढिलाई जाणवू नये आणि हँडल मात्र स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडावे. मागचे चाक धरून आडवे हलवल्यावर चिमटा डुलला, तर बुश गेले. डुलणाऱ्या चिमट्यावर नवे टायर टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

पुढच्या शॉकअपमधून बहुधा काळे पाणी निघते. नळी जाड काचेवर लोळवून पाहावी. काच आणि नळी यांच्यामध्ये उजेडाची फट उघडमीट करत असेल तर नळी वाकलेली आहे. गंजाचे खड्डे पडलेल्या नळीवर नवे सील महिनाभरही टिकत नाही. अशी नळी घासून, हार्ड क्रोम करून घ्यावी किंवा सरळ बदलावी. तेल दोन्ही पायांत मोजपात्राने सारखेच भरावे. आकडा मॅन्युअलमधला घ्यावा, मिस्त्रीच्या अंदाजाचा नाही. एका पायात वीस मिलिलिटर जास्त गेले तरी उडी मारून उतरताना गाडी वाकडी बसते.

चाकांचे आरे पान्याच्या दांड्याने वाजवून पाहावेत. बद्द आवाज देणारा आरा ढिला असतो. रिमचा आऊट (फिरताना होणारी डोलणी) दोन मिलिमीटरच्या आत हवा. नवे आरे पहिल्या सवारीनंतर बसतात, तेव्हा पुन्हा एकदा ताण घ्यावाच लागतो. ट्यूबच्या टायरमध्ये मातीसाठी १५ ते १८ पीएसआय हवा पुरे. त्याखाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली जाऊन शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्हच उपटून येतो. काळ्या मातीत जायचे असेल तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किमान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पावसाळ्यात निफाडकडच्या रानात मूळ मडगार्डची गाडी शंभर पावलांत चाक जाम होऊन उभी राहते. डर्ट बाईकचे मडगार्ड उंच असते ते याचसाठी, शोभेसाठी नाही.

साखळीबद्दल एक गोष्ट मिस्त्रीसुद्धा क्वचितच सांगतात. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा साखळी सर्वांत ताठ होते. मागचा शॉकअप सोडून किंवा सीटवर दोघांना बसवून ती स्थिती आणावी आणि तिथे १० ते १५ मिलिमीटर ढील ठेवावी. स्टँडवर ढील बरोबर दिसणारी साखळी उडीनंतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते, ती याच चुकीमुळे.

ड्रम ब्रेकमध्ये शू चकाकत असतील तर खरकागदाने चमक उतरवावी आणि कॅमला ग्रीसचे नुसते बोट लावावे. ब्रेक लागण्याच्या क्षणी केबल आणि आर्म काटकोनाजवळ यावेत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

इथवर आल्यावर इंजिनाला हात लावावा. टू-स्ट्रोक म्हणजे धूर, असे लेखात गृहीत धरले आहे. ते चूक आहे. धूर हा दोष आहे आणि त्याची कारणे मोजकी आहेत. क्रँकच्या क्लच बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळते. निळसर धूर सुटतो आणि गिअर ऑइलची पातळी खाली जाते. मॅग्नेट बाजूचे सील गेले तर उलटे होते. बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढते आणि एखाद्या दिवशी पिस्टन जाम होतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तोवर गाडी झकास पळत असते. यावर उपाय म्हणजे प्रेशर टेस्ट. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबर आणि पट्टीने बंद करावीत, सायकलच्या पंपाने सहा पीएसआयपर्यंतच दाब भरावा आणि पाच मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला की साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधावा. बोअरवर, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून तासून घेण्यावर, खर्च करण्याआधी ही चाचणी झाली नाही, तर नवा पिस्टनही जुन्याच्याच वाटेने जातो.

बोअर मारताना आधी पिस्टन विकत घ्यावा, मग त्याच्या मापाने बोअर. उलटे करू नये. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर असे वाढीव पिस्टन मिळतात. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून जेवढे लागेल तेवढेच घ्यावे, म्हणजे पुढच्या खेपेला जागा उरते. बोअरनंतर पोर्टच्या कडा बारीक दगडाने मोडून घेणे ही आपल्याकडे सर्रास राहून जाणारी पायरी आहे. ती राहिली की रिंग कडेला अडकून तुटते. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने पाहावी. पन्नास मिलिमीटर बोअरला साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर. मग सिलिंडर गरम पाणी आणि साबणाने घासावा, पांढरे फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत. पेट्रोलने धुतल्यास होनिंगची पूड रेषांमध्येच राहते. जाम झालेला जुना पिस्टन फेकण्याआधी नीट पाहावा. चार ठिकाणी उभे ओरखडे असतील तर फट कमी होती किंवा इंजिन थंड असताना रेस दिली गेली. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ होते किंवा तेल कमी पडले.

आता तो पहिला घातक सल्ला. ‘ऑइल पंप काढून टाका आणि लिटरला ५० मिलि तेल मिसळा.’ पंप चालू असेल तर काढायचे कारणच नाही. त्यातली हवा काढावी, केबलची खूण जुळवावी, काम संपले. पंप खरोखर गेलाच असेल तर चांगल्या टू-टी तेलाचे लिटरला २५ मिलि प्रमाण छंदाच्या वापराला पुरते. नव्या बोअरला पहिल्या दोन टाक्या ३० ते ३३ मिलि. तेल जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हा गैरसमज आहे. कार्बोरेटरच्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो. म्हणजे मिश्रण उलट पातळ होते, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

दुसरा सल्ला सायलेन्सरची जाळी काढण्याचा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता धुराडा नव्हे. त्यातून परतणारी दाबाची लाट ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. जाळी काढली की ही जुळणी मोडते, मधल्या वेगाची ताकद जाते आणि जेट तोच ठेवला तर पिस्टन तापतो. हाती उरतो फक्त आवाज. जाळी काढायची ती साफ करून परत बसवायला. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात रात्रभर ठेवली की काजळी सुटते. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्या बादलीत जाऊ देऊ नये. एवढे केलेली गाडी पीयूसीला घाबरत नाही. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. सील, तेलाचे प्रमाण आणि एअर फिल्टर ठीक असलेली आरएक्स त्यात बसते.

एअर फिल्टरवर खरे तर वेगळे पत्र लिहावे लागेल. टू-स्ट्रोकमध्ये हवा थेट क्रँकच्या खोलीतून जाते, म्हणजे मुरमाची धूळ बोअरच्या आधी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला भेटते. शोभेचा उघडा कोन फिल्टर इथे अजिबात चालत नाही. फोम रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवावा. पेट्रोलने त्याचे चिकटजोड सुटतात. पूर्ण वाळल्यावर तेल लावून पिळावा, कडेला ग्रीस फिरवावे. धुळीत फिरलात तर हे दर वेळी करायचे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा मुद्दा लेखात नव्हता. वीस टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाडीचे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून प्लगचा रंग पांढरट येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावावा. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात, त्या जागी व्हिटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घ्याव्यात. असे पेट्रोल हवेतला ओलावा धरते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतात, आणि टाकीचा कॉक नेमका तिथूनच ओढतो. गाडी उभी ठेवण्याआधी कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

फोर-स्ट्रोक हवी असेल तर २०११ साली आलेली हिरोची इम्पल्स पाहावी. १४९ सीसी आणि जमिनीपासून २४५ मिलिमीटर मोकळी उंची. इंजिन ओळखीच्या घराण्यातले असल्याने त्याचे काम इथे होते. अडते ते मोनोशॉक आणि प्लास्टिकवर, म्हणून घेताना तेच आधी तपासावे.

राहिला प्रश्न चालवायचे कुठे. अंजनेरीचा सडा (माथ्यावरचे कातळाचे पठार), ब्रह्मगिरीचा उतार इथे नाही म्हणजे नाही. अंजनेरीवरचे कंदीलपुष्प जगात मोजक्याच जागी उगवते आणि पावसाळ्यातल्या ओल्या सड्यावर एका टायरची चाकोरी पुढची कित्येक वर्षे पाणी वाहून नेते. देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात पाऊलसुद्धा टाकू नये, तिथे न फुटलेला गोळा असू शकतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडचे शिवाररस्ते टाळावेत. घडावर बसलेली धूळ पुसायला गेले तर मण्यांवरचा पांढरा थरच निघून जातो आणि मालाचा भाव पडतो. बांधावरून गाडी घालणाऱ्याला शेतकऱ्याने काठी दाखवली तर चूक शेतकऱ्याची नाही.

म्हणूनच जिल्हा प्रशासनाकडे एक मागणी आहे. शहराभोवती काम थांबलेल्या दगडखाणी आहेत. त्यांतली एखादी, पाणी न साचणारी आणि वस्तीपासून लांबची, रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळात फी घेऊन या छंदासाठी द्यावी. कड्याकडची बाजू मातीचा बांध घालून बंद करावी आणि एकेरी फेरीची वाट आखावी. दारावर हेल्मेट आणि घोट्यावरचे बूट पाहावेत, सायलेन्सरची जाळी जागेवर आहे की नाही तेही पाहावे आणि रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय फाटक उघडू नये.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक