नाव मिळाले, पण दुसऱ्याच वास्तूला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बंगाली रंगभूमीवरील नटी विनोदिनी दासी हिच्यावर आलेला लेख वाचला. कोलकात्याच्या स्टार थिएटरला विनोदिनीचे नाव देत असल्याचे पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी 2024 च्या डिसेंबरअखेरीस जाहीर केले, त्या निमित्ताने मराठी वाचकांपर्यंत तिची ओळख पोहोचावी, हे चांगलेच झाले. मात्र विनोदिनीने उभारलेल्या वास्तूला अखेर तिचे नाव मिळाले, असा जो सूर लेखात आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. कारण तिची सारी कहाणी त्या एका वास्तूपाशी येऊन अडते.

विनोदिनीचे स्टार कोलकात्यातच, पण बीडन स्ट्रीटवर होते. आज जे हातीबागानमध्ये उभे आहे, ते 1888 साली सुरू झाले आणि त्याआधीच, 1887 च्या आरंभी, विनोदिनीने रंगभूमी कायमची सोडली होती. बीडन स्ट्रीटची वास्तू गोपाललाल शील या धनिकाच्या ताब्यात गेली, तिथे एमराल्ड थिएटर आले, आणि 'स्टार' हे नाव नाटकमंडळींनी आपल्याबरोबर हातीबागानला नेले. जुनी वास्तू पुढे सेंट्रल अॅव्हेन्यूचा रस्ता काढताना पाडली गेली. नवी 1991 मध्ये आगीत सापडली आणि नंतर पुन्हा बांधून काढण्यात आली. थोडक्यात, जिला आज विनोदिनीचे नाव मिळाले आहे, त्या रंगमंचावर ती कधी उभी राहिलेली नाही.

आता त्या पहिल्या वास्तूविषयी. 1873 साली बेंगाल थिएटरने सार्वजनिक रंगभूमीवर प्रथमच स्त्रियांना घेतले, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांसारखा सुधारकही त्या नाटकगृहाच्या समितीतून बाहेर पडला होता, कारण त्या स्त्रिया वेश्यावस्तीतून आलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी अकरा-बारा वर्षांची विनोदिनी महिना दहा रुपयांवर ग्रेट नॅशनल थिएटरमध्ये दाखल झाली आणि द्रौपदीच्या दासीच्या चार ओळींनी तिची सुरुवात झाली. तीन-चार वर्षांत ती नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्या हाताखाली आली. 'मेघनादवध'मध्ये तिने एकटीने सात भूमिका केल्या, त्यांत सीताही होती आणि मेघनादाची प्रमिलाही. तिची तयारी कोणत्या दर्जाची होती, हे एवढ्यावरून कळावे.

नाटकगृहाच्या मालकाशी पगारावरून बिनसले, तेव्हा गिरीशबाबूंसह सगळ्यांना स्वतःचे नाटकगृह हवेसे झाले. पैसा होता गुर्मुख राय या तरुण मारवाडी व्यापाऱ्याकडे, आणि त्याची अट एकच होती, की विनोदिनीने त्याच्या आश्रयाला यावे. नाटक सोडशील तर रोख पन्नास हजार देतो, असेही त्याने तिला सांगितले होते. तिने पैसा नाकारला, नाटकगृह मागितले, आणि सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर आधीचा आश्रयदाता सोडून ती अट पत्करली. नाटकगृहाला तिच्या नावातल्या (बंगालीत 'बिनोदिनी') पहिल्या अक्षरावरून 'बी थिएटर' म्हणायचे, असे तिला सांगण्यात आले होते.

पुढचे तिने 'आमार कथा' या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. तालीम संपल्यावर ती बांधकामावर जाई, बसण्याच्या जागेची भर घालण्यासाठी स्वतः टोपल्यांनी माती वाही, आणि मजुरांना हुरूप यावा म्हणून टोपलीमागे चार कवड्या लावी. बंगालच्या तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या नटीने डोक्यावर मातीची टोपली घेतली आहे, हे दृश्य माझ्या मनातून जात नाही. नोंदणी करून मंडळी परतली, तेव्हा तिने उत्सुकतेने नाव विचारले आणि तिला उत्तर मिळाले, 'स्टार'. वेश्येच्या नावाच्या नाटकगृहात सभ्य लोक येणार नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब असावा, असे मला वाटते. 21 जुलै 1883 रोजी 'दक्षयज्ञ' नाटकाने पडदा उघडला आणि सतीची भूमिका तिनेच केली.

गुर्मुख राय लवकरच बाजूला झाला. नाटकगृहातील मोठा वाटा विनोदिनीला द्यावा, अशी त्याची इच्छा होती, पण गिरीशबाबूंनी तिच्या आईची समजूत घातली आणि अकरा हजार रुपयांत मालकी चौघा सहकाऱ्यांकडे गेली. गिरीशबाबू थोर नाटककार आणि तिचे गुरू होते, यात वाद नाही. मात्र या एका प्रसंगापुरती त्यांची बाजू घेणे मला जमत नाही.

'चैतन्यलीले'चा उल्लेख आपल्या लेखात आहेच. त्यातल्या चैतन्याच्या भूमिकेच्या दिवशी ती पहाटे गंगास्नान करून एकशे आठ वेळा दुर्गेचे नाव लिहून काढी. 21 सप्टेंबर 1884 रोजी रामकृष्ण परमहंस ते नाटक पाहायला आले आणि त्यांनी तिला आशीर्वाद दिला, हा प्रसंग बंगालमध्ये सर्वांना तोंडपाठ आहे. त्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एकाच रात्री चैतन्य साकारून ती लगेच 'विवाहविभ्राट' या प्रहसनातली नखरेल विलासिनी होऊन येत असे. संतत्वाच्या कथेत तिचे कसब झाकून जाते.

तेविशी-चोविशीत तिने काम सोडले. नंतरची अनेक वर्षे ती एका खानदानी गृहस्थाच्या आश्रयाने राहिली. मुलगी शकुंतला हिला शाळेत घालण्याची तिची धडपड आईच्या पूर्वायुष्यामुळे व्यर्थ गेली आणि ती मुलगी तेराव्या वर्षी वारली. 1912 मध्ये तो आधारही गेला. त्याच वर्षी गिरीशबाबूही निवर्तले. तिच्या आत्मकथनाला त्यांनी लिहून दिलेल्या प्रस्तावनेत काही खऱ्या गोष्टी वगळल्या आहेत, असे तिने त्यांना तोंडावर सांगितले होते, पण ती पुन्हा लिहून मिळण्याआधीच ते गेले. विनोदिनी 1941 पर्यंत जगली.

आपल्याकडे त्याच काळात 'सौभद्र'मधली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर रंगवीत होते, आणि पुण्यातले आजचे प्रमुख रंगमंदिरही स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्याच नावाचे आहे. बालगंधर्वांबद्दल पूर्ण आदर ठेवून हे लिहीत आहे. 'आमार कथा' ज्या वर्षी आले, त्याच 1912 साली ललितकलादर्श या नाटक मंडळीने हिराबाई पेडणेकर यांनी लिहिलेले 'दामिनी' हे नाटक रंगभूमीवर आणले होते, आणि हिराबाईंचेही अखेरचे दिवस नाट्यसृष्टीपासून दूर, कोकणातल्या पालशेत गावी गेले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख यावा, अशी विनंती आहे.

तूर्त एवढेच, की विनोदिनीवरील लेखाची दुरुस्ती छापताना बीडन स्ट्रीट हे नाव त्यात अवश्य यावे. माती तिने तिथे वाहिली होती.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली