पुन्हा तुझ्याच पेशी का?

पुणे

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

अवीचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, परत आल्याचं सांगताना "माझ्याच पेशी कमी पडल्या गं," असं काल फोनवर म्हणालीस आणि मला नीट बोलताच आलं नाही. इतकी वर्षं रक्तपेढीत काम करतेय, तरी तुझा आवाज ऐकून शब्द फुटेनात. म्हणून लिहिते.

ट्रान्सप्लांटमध्ये तू अवीला दिलेल्या मूलपेशींपासून त्याच्या अंगात नवी प्रतिकारशक्ती तयार झाली. केमोतून वाचलेल्या कॅन्सरच्या पेशी हुडकून मारणं हे तिचं काम. पण ती त्याच्याच शरीरावर उलटू नये म्हणून औषधांनी तिला आवरून धरावं लागतं. त्या काळात आजाराला डोकं वर काढायला फट मिळू शकते. यात तुझं काय चुकलं? उलट, एकसारख्या जुळ्या भावंडाचा बोनमॅरो घेतलेल्यांत ल्युकेमिया जास्त वेळा परत येतो. तुझ्या पेशी अवीपेक्षा थोड्या वेगळ्या आहेत, त्या वेगळेपणातच औषध आहे.

आता डॉक्टर तुझ्या लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मागताहेत. दात्याच्या या पेशी रुग्णाला देणं म्हणजे डीएलआय. म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी 1990 मध्ये ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटलेल्या तीन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही वाट रुळली. मात्र ते रुग्ण सीएमएलचे, म्हणजे हळू वाढणाऱ्या ल्युकेमियाचे, होते. अवीच्या एएमएलमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियात, यश त्या मानाने कमी येतं, म्हणून आधी केमोने आजार दाबतात. हे तुझ्यापासून लपवणार नाही.

भाऊजींनी विचारलेली आयआयटी मुंबईची नेक्सकार19 ही पेशी-उपचारपद्धती 2023 मध्ये मंजूर झाली, पण ती बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी आहे आणि रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींची बनते. अवीला ती लागू नाही.

तुझं काम सोपं आहे. काही तास मशीनला जोडून बसायचं. पांढऱ्या पेशी काढून घेतात, बाकीचं रक्त परत देतात. मागच्या वेळची ती हाडं दुखवणारी इंजेक्शनं यासाठी सहसा लागत नाहीत. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर सोसत बसू नकोस, लगेच सांग. कॅल्शियम दिलं की थांबतं.

खरी काळजी पुढची. तुझ्या पेशी अवीच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावरही चालून जाऊ शकतात. म्हणून पहिला डोस लहान ठेवतात. अंगावर पुरळ, जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा, काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. कधीकधी हे काही आठवड्यांनीही सुरू होतं, तेव्हा घरी आल्यावरही लक्ष ठेवा.

शनिवारी मी येतेय. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते दोघी मिळून लिहून काढू. काकूंना नमस्कार, अवीला खूप प्रेम.

तुझीच,
माधुरी