शोभेची झाडे मे महिन्यात कोण जगवणार?

महोदय,

वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेला शोभेची झाडे लावून त्यांची देखभाल लोकसहभागातून करण्याच्या प्रस्तावाचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र नागपुरात तिची परीक्षा पावसाळ्यात नव्हे, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत होते. मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत नागरी संस्थांच्या सी-२० बैठकीसाठी शहरातील रस्ते फुलझाडांनी सजवले गेले. पाहुणे येणार म्हटले की आपण सजतोच! पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुभाजकातली उथळ माती तव्यासारखी तापते, आणि नाजूक रोपे तिथे तग धरत नाहीत.

म्हणून झाडांची निवड पाण्याच्या हिशेबाने व्हावी. बोगनवेल मुळे धरल्यावर कमी पाण्यातही भरभरून फुलते. कण्हेरही काटक आहे. फक्त ती विषारी असल्याने मुलांच्या हाताशी, पदपथालगत नको. वळणांवर झुडपे बुटकीच असावीत, नाही तर समोरून येणारी दुचाकी दिसत नाही.

लोकसहभाग म्हणजे रोपाशेजारी प्रायोजकाची पाटी नव्हे. मंडळे, दुकानदार आणि गृहनिर्माण संस्थांनी ठरावीक पट्ट्याला उन्हाळाभर पाणी घालण्याची लेखी जबाबदारी घ्यावी, आणि त्यासाठी टँकर महापालिकेने द्यावा. भांडेवाडीत प्रक्रिया झालेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते. त्यातलाच थोडा वाटा झाडांसाठी ठेवला, तर पिण्याच्या पाण्याला हात लावावा लागणार नाही. हे नियोजन लागवडीआधी जाहीर करावे.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर