व्याख्या नको, कसोटी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी व्याकरण आणि भाषाशास्त्रातल्या संज्ञांची यादी आली होती. माझ्या शिकवणीतल्या मुलांनी ती कापून वहीत चिकटवली आहे. बी. ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुलांना असं काहीतरी हाताशी लागतंच, त्यामुळे छापल्याबद्दल आधी आभार. तक्रार त्यानंतरची. यादीतली जवळपास प्रत्येक संज्ञा फक्त व्याख्येने सांगितली आहे. व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलंही समोरच्या वाक्यात ती गोष्ट ओळखताना अडतात, हे मी रोज बघते.

'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे व्हर्ब' हेच घ्या. एका विद्यार्थिनीने ही व्याख्या प्रमाण मानून उताऱ्यातल्या 'डिस्ट्रक्शन'खाली रेघ ओढली आणि 'बिलाँग' तसाच सोडला. तिचा तर्क चोख होता. विध्वंस ही क्रियाच, तीही केवढी मोठी. उलट एखादी वस्तू कुणाच्या मालकीची असते, यात कोण काय करतं? मी तिला एवढंच म्हटलं, शब्दाच्या आधी 'द' लावून बघ आणि शेवटी भूतकाळाचा प्रत्यय लावून बघ. 'द डिस्ट्रक्शन' चालतं, 'डिस्ट्रक्शन्ड' चालत नाही. 'बिलाँग्ड' चालतं, 'द बिलाँग' कानाला खटकतं. विषय संपला.

वर्गात मी फळ्यावर कधीकधी एक वाक्य लिहिते: 'द फ्लिम्स वेअर प्लोनिंग अ स्नारी ड्रेब.' यातले चार शब्द मी मनाने बनवलेले आहेत, त्यांना काडीचा अर्थ नाही. तरी नाउन कुठले, व्हर्ब कुठलं आणि अ‍ॅडजेक्टिव्ह कुठलं हे मुलं न अडखळता सांगतात. अर्थच नसताना नाव सांगणारा शब्द, गुण सांगणारा शब्द या व्याख्या कशाला चिकटणार? ओळख पटते ती शब्दाच्या जागेवरून, प्रत्ययावरून आणि शेजारी कोण बसलंय त्यावरून. परीक्षेतही मुलांना हेच करायचं असतं, फक्त तसं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मॉर्फीमचंही तेच. 'भाषेतील लघुतम अर्थपूर्ण घटक' असं यादीत आहे. बरोबर आहे, पण त्याने हाताला काही लागत नाही. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग दोन प्राणी दाखवून पुढचा शब्द मुलांवर सोडला. मुलं 'वग्ज' म्हणाली. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, म्हणजे अनेकवचनाचा तुकडा त्यांच्या डोक्यात वेगळा होता. तोच मॉर्फीम. पुढे 'कॅट्स', 'डॉग्ज' आणि 'हॉर्सिज' मोठ्याने म्हणायला लावायचं. पहिल्यात स, दुसऱ्यात 'जरा'मधला ज, तिसऱ्यात त्या ज-च्या आधी एक जादा स्वर. काम एकच आणि उच्चार तीन, म्हणून हे तीन अ‍ॅलोमॉर्फ. एवढं ऐकल्यावर पाठ करायला उरत नाही.

फोनीमवर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या ध्वनीवर, मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे मराठी मुलांकडे आयतं भांडवल आहे आणि यादीने ते वाया घालवलं. कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर धरून 'कडा' म्हणा आणि मग 'खडा' म्हणा. दुसऱ्या वेळी पट्टी फडफडते. श्वासाचा तेवढा झोत आला की अर्थ बदलतो, म्हणून मराठीत क आणि ख हे दोन फोनीम. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे असे बहुतेक लोक 'की' म्हणतात तेव्हा पट्टी अशीच हलते आणि 'स्की' म्हणतात तेव्हा जवळपास हलत नाही. आपल्या कानाला तो फरक लगेच कळतो, त्यांना स्वतःला सहसा जाणवतही नाही, कारण त्या झोताने त्यांच्या भाषेत एकाही शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यांच्यासाठी तो एकच फोनीम आणि ही त्याची दोन रूपं, म्हणजे अ‍ॅलोफोन. उलट बाजूही सांगावी. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हे इंग्रजीत दोन फोनीमवर उभे आहेत आणि आपल्यापैकी पुष्कळ जण दोन्ही एकसारखे उच्चारतात. तिथे फरक आपल्याला ऐकू येत नाही.

अक्षर आणि फोनीम यांतली गल्लतही इथेच सुटते. 'चार' हा आकडा आणि 'गुरांना चार'मधला 'चार' लिहायला एकच आहेत, म्हणायला दोन. इंग्रजीत हा प्रकार कितीतरी पटीने आहे: अक्षरं २६ आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारात फोनीम साधारण ४४. तेव्हा 'इंग्रजीत पाच स्वर असतात' हे वाक्य तरी आता छापू नये, ही कळकळीची विनंती. पाच आहेत ती अक्षरं.

यादीत टेन्सचा बारा घरांचा तक्ताही आहे. त्या तक्त्यात टेन्स आणि अ‍ॅस्पेक्ट एकत्र कालवलेले आहेत. क्रियापदाच्या रूपापुरतं बघितलं तर इंग्रजीत टेन्स दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी 'विल' आहे, 'गोइंग टु' आहे, आणि 'द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' असा साधा वर्तमानही चालतो. काम चालू आहे की पुरं झालंय हे सांगणारा तो अ‍ॅस्पेक्ट. मुलांचा खरा गोंधळ उडतो तो 'इट्स टाइम वी वेन्ट' अशा वाक्यात. अजून कुणी निघालेलं नाही, मग भूतकाळ का? मी विचारते, आई हाक मारते तेव्हा जागचे न हलता तुम्ही 'आलोच!' म्हणता, तो कुठला काळ? टेन्स हे रूपाचं नाव आहे, घड्याळाचं नाही, हे त्यानंतर पटवावं लागत नाही.

डिटर्मिनर, म्हणजे नामाच्या आधी बसून कुठलं, कुणाचं हे ठरवणारा शब्द, ही संज्ञा यादीत नाहीच. 'माय', 'दिस', 'एव्हरी' सगळे अ‍ॅडजेक्टिव्हमध्ये ढकलले आहेत. पण अ‍ॅडजेक्टिव्ह एकापुढे एक कितीही लावता येतात आणि हे शब्द तसे लागत नाहीत. 'दिस' आणि 'माय' एकाच जागेचे दावेदार आहेत, दोघांपैकी एकानेच बसायचं. मराठीत 'ही माझी वही' अगदी सरळ, म्हणून आमची मुलं 'दिस माय नोटबुक इज न्यू' लिहितात आणि कुठे चुकलं ते त्यांना कळत नाही. एका संज्ञेने ही चूक आटोक्यात येते, आणि यादीत नेमकी तीच नसावी!

शेजारच्या मराठी प्रतिशब्दांबद्दल एकच गोष्ट सांगते. पॅसिव्ह व्हॉइससमोर 'कर्मणी प्रयोग' छापलं आहे. 'तिने चिठ्ठी लिहिली' हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. चिठ्ठीऐवजी पत्र आलं की 'लिहिलं' होतं. इंग्रजीत हेच वाक्य 'शी रोट अ नोट', म्हणजे स्वच्छ अ‍ॅक्टिव्ह. आपली यादी वाचून एका मुलाने भाषांतरात 'अ नोट वॉज रिटन बाय हर' लिहिलं आणि कारण विचारल्यावर कात्रण दाखवलं. मी काय बोलणार?

उलट जिथे आपल्या संज्ञा खरोखर जुळतात त्या मात्र वगळल्या आहेत. 'संधी' आणि 'बहुव्रीही' हे शब्द इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जसेच्या तसे येतात. 'रेडहेड' म्हणजे लाल डोकं नव्हे, लाल केसांचा माणूस, आपल्या 'नीलकंठ'सारखाच. शाळेत समास शिकलेल्या मुलाला हे अर्ध्या वाक्यात कळतं.

आणि ते आठ पार्ट्स ऑफ स्पीच! आठची गणती ग्रीकांपासून चालत आली. त्यांच्या आठात आर्टिकल होतं, पार्टिसिपल (धातुसाधित) होतं, पण अ‍ॅडजेक्टिव्ह वेगळं नव्हतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून त्याच्या जागी इंटरजेक्शन आणलं आणि आठ भरले. आकडा टिकला, आतली माणसं बदलत राहिली. मुलांना हे सांगितलं तर आठाचा धाक तरी कमी होईल.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक संज्ञेखाली एक ओळ कसोटीची आणि एक वाक्य ती लावून बघायला, एवढं करा. 'लुक्ड अप द वर्ड'मधला 'अप' मागे सरकून 'लुक्ड द वर्ड अप' होतो, 'लुक्ड अप द चिमनी'मधला सरकत नाही. फ्रेझल व्हर्बसाठी, म्हणजे क्रियापद आणि 'अप'सारखा शब्द मिळून एकच अर्थ देतात त्या जोडीसाठी, या एका ओळीवर भागतं. जागा कमी पडली तर नाउनच्या चार लिंगांचा रकाना काढून टाकावा, टेबल न्यूटर आहे हे कळल्याने कुणाचं इंग्रजी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. अशा कसोट्या आणि वाक्यं माझ्या वहीत तयार आहेत. हवी असल्यास विनामूल्य पाठवेन, नावही छापू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक,
इंग्रजीची एक शिक्षिका