शीर्षकपृष्ठ अर्धे छापू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ या चित्रावर आलेला लेख मनापासून आवडला. त्यासोबत डच चित्रकार याकोब द खेन याच्या शस्त्रकवायतीच्या ग्रंथाचे १६०७ मधले शीर्षकपृष्ठ छापलेत, हे तर फारच चांगले केलेत. मराठी वर्तमानपत्रात असे पान क्वचितच दिसते. पण जागेसाठी त्या पानाचा खालचा भाग कापला गेला आहे आणि रेम्ब्रांच्या चित्राखाली नुसते ‘डच सैनिक’ असे लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, म्हणून हे पत्र.

चित्रातली माणसे पगारी सैनिक नव्हती. ते अ‍ॅमस्टरडॅमचे नागरिक होते. डच शहरांत अशा नागरी पथकाला ‘स्खुटराय’ म्हणत. शस्त्र आणि पोशाख ज्याने त्याने पदरच्या पैशाने घ्यायचे, रात्रीची गस्त घालायची, वेशींवर पहारा द्यायचा, दंगल झाली तर रस्त्यावर उतरायचे. साहजिकच पथकात खाऊनपिऊन सुखी लोकच असत. चित्रातल्या पथकाचा कप्तान फ्रान्स बानिंक कोक हा कायद्याचा पदवीधर, एका औषधविक्रेत्याचा मुलगा, पुढे शहराचा महापौर झाला. पथकातल्या लोकांनी आपापला वाटा भरून हे चित्र काढून घेतले आणि १६४२ मध्ये ते पूर्ण झाले. आपल्याकडे डच म्हटले की वेंगुर्ल्याची वखार आणि मसाल्याचा व्यापार डोळ्यांपुढे येतो. त्याच डचांच्या शहरांत व्यापारी स्वतः बंदूक खांद्यावर घेऊन पहारा देत होते, हे वाचकाला कळायला हवे होते.

आता शीर्षकपृष्ठाकडे वळतो. हेगमध्ये छापलेल्या या ग्रंथात हलकी बंदूक, मस्केट ही जड बंदूक आणि भाला चालवण्याच्या ११७ पायऱ्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांतून दाखवल्या आहेत. ग्रंथ डच सेनापती मॉरिस ऑफ नासाऊच्या फौजेच्या पद्धतीवर बेतलेला. पण अननुभवी माणसांना शिकवण्यासाठी सर्व कप्तानांना उपयोगी पडावा म्हणून तो केला आहे, हे त्या लांबलचक शीर्षकातच लिहिलेले आहे. नेमका हाच मजकूर आणि गावाचे नाव आपल्या कात्रीत सापडले. फौजेची कवायत कापडविक्या नागरिकांपर्यंत कशी पोहोचली, याचा धागाच त्यामुळे तुटला. त्या काळच्या शीर्षकपृष्ठावरची नक्षी पाहून डोळे दिपतात हे खरे, पण ग्रंथ कोणी, कुठे, कोणासाठी काढला हे सांगणारा मजकूर बहुधा त्या नक्षीच्या मधोमध किंवा तळाशीच असतो.

तो धागा रेम्ब्रांच्या चित्रात स्पष्ट दिसतो. डावीकडचा तांबड्या पोशाखातला बंदूकधारी दारू भरतो आहे, कप्तानामागचा बार उडवतो आहे आणि उजवीकडचा वयस्क माणूस बंदुकीवर उरलेली दारू फुंकून टाकतो आहे. द खेनच्या पायऱ्यांपैकी या तीन. शेजारी अख्खे पान छापले असते, तर ही जोडणी वाचकाला स्वतः करता आली असती.

कापाकापीची हानी याच चित्राने सोसली आहे. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवताना भिंतीत मावावे म्हणून चारही बाजूंनी छाटले गेले आणि डावीकडच्या काही आकृती कायमच्या गेल्या. लुंडेन्स या चित्रकाराने त्याआधी केलेली छोटी नक्कल उरली होती, म्हणून २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाला संगणकाच्या मदतीने ते तुकडे नव्याने तयार करून मूळ चित्राशेजारी लावता आले.

विनंती अशी की, येत्या पुरवणीत ते शीर्षकपृष्ठ तळासकट छापावे. आकार लहान झाला तरी चालेल. शीर्षकाचा मराठी अनुवाद शेजारी द्यावा आणि ‘डच सैनिक’ऐवजी ‘अ‍ॅमस्टरडॅमचे नागरी पथक’ अशी ओळ द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे