अठरा इंची किक आणि सतरंजीवरच्या पट्ट्या

ती. स्व. काकांना साष्टांग नमस्कार,

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच राहतो. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

भावगीतांच्या कार्यक्रमाची सदाशिव पेठेतली ती तालीम आठवते ना? मी बँडचा अख्खा ड्रमसंच घेऊन आलो होतो. २२ इंची किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, काठीने वाजवायचे तीन टॉम, क्रॅशच्या दोन झांजा. हात नदीपात्रात ढोलपथकाच्या ताशावर तयार झालेला. पहिल्याच गाण्यात डग्गा ऐकू येईना. तबलजी वाजवायचे थांबले, गायिका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हळू वाजवून पाहिलं, आणखी हळू वाजवून पाहिलं, तरी जमेना. तेव्हा मागच्या खुर्चीतून तुम्ही उठलात. "अरे, खर्जात डग्गा बसलाय. तिथे तुझी किक घुसली तर तो जाणार कुठे?"

अर्ध्या तासात शनिवार पेठेतल्या घरून स्वतःची १८ इंची किक स्कूटरवर घेऊन आलात. दोन टॉम आणि दोन्ही क्रॅश पिशव्यांत गेल्या. स्नेअरवर, म्हणजे खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमवर, खरखरीत कोटेड हेड (वरचा पडदा) चढवलंत, कारण गुळगुळीत हेडवर तारांचा ब्रश नुसताच घसरतो, त्याची ती सरसर निघत नाही. मग मला हात मांडीवर ठेवायला लावून तबलजींना नुसता डग्गा घुमवायला सांगितलंत. माझ्या स्नेअरखालच्या तारा आपोआप झणझणत होत्या! मी इतकी वर्षं गाणी वाजवत होतो, आणि हे एकदाही ऐकलं नव्हतं. "ज्या कडव्यात तुला काम नाही, तिथे लिव्हर पाडून तारा सैल सोड," एवढंच म्हणालात.

तीच किक पुढे जॅझवाल्या तिघांसोबत नेली, तेव्हा तुम्ही आतली उशी काढायला लावलीत. पुढचं हेड भोक नसलेलं चढवून दोन्ही बाजू ताणल्यात, तर ती टॉमसारखी सुरात बोलायला लागली. राइड, म्हणजे लय धरायची मोठी झांज, अगदी हाताशी आणलीत, कारण तिथे लय किकवर नाही, राइडवर चालते. बँडसाठी मात्र २२ इंचीच. पुढच्या हेडला माइकसाठी भोक, आत उशी. बेस गिटारच्या बरोबरीने ठोका छातीत बसायला हवा.

आणि तुमची ती जुनी सतरंजी. तिच्यावर तुम्ही गुडघे टेकून, प्रत्येक स्टँडच्या पायाशी, पेडलच्या टाचेशी चिकटपट्ट्या लावल्यात: भावगीताच्या पिवळ्या, बँडच्या लाल, जॅझच्या निळ्या. स्टुलाच्या दांड्यावरही तीन खुणा. मागच्या महिन्यात एकाच शनिवारी दुपारी भावगीतं आणि रात्री बँड होता. सतरंजी अंथरली, लाल पट्ट्या बघत संच मांडला, आणि साउंडवाला केबल सोडवेपर्यंत मी तयार होतो.

या सगळ्याचे तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. विचारलं तर रागावलात.

काका, चार वर्षं झाली, तुमची किक अजून माझ्याकडेच आहे. दोन्ही हेड नवी चढवली आहेत, तुम्हाला आवडतो तसा सूर लावलाय. रविवारी सकाळी घेऊन येतो. चहा मी टाकीन, तुम्ही वाजवून बघा.

तुमचा,
ताशावाला